हाराचा क्रम

"जन्मतारीख टाकून पाह्यली काय?" देवमननं विचारलं.

"टाकली, काका. गावाचं नाव टाकलं, कॉलेजचं टाकलं," मोबाइल दुकानातला गजेंद्र म्हणाला. "लय पक्का पासवर्ड ठेवला आचलनं. आता एकच खेप उरली. ती चुकली का फोन कोरा होते. फोटो, मेसेज, सारं जाते."

देवमनला फोटो नको होते. धारणीच्या रस्त्यावर जीप उलटली, तेव्हा त्याच्या पोरीशेजारी एक पोरगा बसला होता. आचल गेली. पोरगा वाचला आणि कोणी विचारायच्या आत निघून गेला. देवमनला त्याचं नाव हवं होतं. बाहेर अकोटच्या बाजारात त्याचे दोन पुतणे गाडी चालू ठेवून उभे होते.

"नाव भेटू द्या, मंग आमी त्याले समजावतो," थोरला सकाळी म्हणाला होता. धाकटा हसला होता.

आचलची आई जमुना बाकावर बसून होती. आचलचा आधीचा पासवर्ड तिचं स्वतःचं नावच होता. बापानं तो ओळखून मेसेज वाचले आणि तिचं होस्टेल बंद केलं. मग एका दुपारी जमुना विकायचे हार ओवत असताना पोरीनं शेजारी बसून नवा केला.

"झेंडू, झेंडू, शेवंती, तुळस. तू ओवतं त्याच क्रमानं पयली अक्षरं, आन मदात फुलं किती ते. कोनाच्या बापाले सापडनार नाई, आई."

मग तिनं जीभ चावली आणि दोघी खूप हसल्या.

त्याच फोनमध्ये आचलचा आवाज होता. घरात फोटो एकच, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ती तिच्यासारखी दिसत नव्हती.

देवमन वळला. "तुयापाशी सारं सांगे पोरगी. तुले मालूम आहे. बोल."

"हो," जमुना म्हणाली. "मालूम आहे."

गजेंद्रनं फोन पुढे ओढला.

लग्न झाल्यापासून जमुनानं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानातही ते शेजारीण सांगायची. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"देवमन," ती म्हणाली. "बापाचं नाव ठेवलं होतं तिनं."

देवमननं तिच्याकडं पाहिलं, मग मान खाली घातली. गजेंद्रनं अक्षरं टाकली. फोन थरथरला, काळा पडला. बऱ्याच वेळानं पडदा उजळला आणि नव्या फोनसारखा विचारू लागला, भाषा कोणती हवी.

जमुनानं तो हातात घेतला. अजून गरम होता.