अष्टमीचं उधाण

मी काशीरामच्या घरातला संगणक. आज जरा ऐटीत बोलतोय, कारण माझ्यावर आलेला आळ दूर झालाय.

विजयदुर्गच्या बंदराजवळ हे घर. दोन वर्षांपूर्वी, दोन हजार एक साली, काशीरामने लेकीच्या, जान्हवीच्या, अभ्यासासाठी मला आणलं. तो होडीवाला, माझ्या कळांना भीतभीतच हात लावी. त्याचे वडील भिकाजी मात्र धीट. गेल्या वर्षीच्या नारळी पुनवेला त्यांनी दर्याला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं आणि घरी येऊन माझ्यापुढे पुन्हा म्हटलं. जान्हवीने ते माझ्यात भरून घेतलं. फाल्गुनात म्हातारा गेला. आवाज उरला तो माझ्यापाशी.

मग एके दिवशी पडद्यावर आलं, ‘भरती-ओहोटीचं घड्याळ, फुकट’. तिथीवरून भरती सांगणाऱ्याला घड्याळ कशाला हवं? पण फुकट म्हटलं की शहाणाही पाघळतो.

“घे गो, घे!” काशीराम म्हणाला आणि जान्हवीने होकाराची कळ दाबली.

घड्याळाबरोबर एक हेर आत शिरला. आयत्या बिळावर नागोबा! न मागितलेल्या जाहिराती उघडू लागल्या, मी रखडू लागलो, आणि जान्हवी जे टंकेल ते तो फोनच्या तारेतून बाहेर धाडू लागला. शिव्या मात्र मला. करून गेलो गाव आणि कांदळगावचा नाव! काशीरामची बायको चंद्रावती हिने तर मीठ-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली. हेराला त्याचा ठसकाही लागला नाही.

शेवटी जामसंड्याहून दुरुस्तीवाला प्रितेश आला. “सगळा पुसून नव्यान भरूक व्हया,” तो म्हणाला.

“आणि आजोबांचो आवाज?” जान्हवी रडवेली झाली. फ्लॉपीत तो मावत नव्हता, आणि सीडीवर उतरवायची सोय माझ्यात नव्हती. नारळी पुनव आठ दिवसांवर, म्हाताऱ्यावाचूनची पहिलीच. मी घाबरलो, खरंच घाबरलो.

काशीराम पडद्याच्या कोपऱ्यात बघत होता. “थांब रे. आज अष्टमी. दर्याक भांग आसा, पाणी चढाचा नाय. आणि ह्या घड्याळ उधाण दाखयता? ह्या खोटारडा आसा!”

प्रितेशने आधी फोनची तार काढली. मग आतली यादी उघडून पाहिली. घड्याळ ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी एक अनोळखी प्रोग्रॅमही आला होता. त्याने दोन्ही काढून टाकले, सफाईची सीडी दोनदा फिरवली आणि जान्हवीकडून पासवर्ड बदलून घेतला. माझं बाकी काही पुसलं नाही. काय सांगू, इतकं हलकं वाटलं!

“मीच ‘घे’ म्हटलंय,” काशीराम ओशाळून म्हणाला. कबूल केलं, हेही कमी नाही. तुम्हीही फुकटच्या पाहुण्याला आत घेण्याआधी दोन प्रश्न विचारत जा, एवढीच माझी विनवणी.

काल नारळी पुनव झाली. होडी लोटण्याआधी सगळे माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. माझ्यातून भिकाजींनी लेकाला परत आणायला दर्याला विनवलं, “बा दर्या म्हाराजा, माझ्या झिलाक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. काशीरामने डोळे पुसले आणि तो होडीकडे गेला.