एक तारखेचा भाव

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात न्हाव्याने घरात नियम केला. ज्याची कमाई कमी, त्याने महिनाभर रात्रीचा स्वयंपाक करायचा. ज्याची जास्त, त्याचा शब्द शेवटचा. नियम करताना तो मिशीतल्या मिशीत हसला होता. त्याचं दुकान नदीच्या अलीकडे. बायको पूल ओलांडून पलीकडच्या देशातल्या हॉटेलात कपड्यांना इस्त्री करायला जायची. तिचा पगार पलीकडच्या पैशात, आणि त्या पैशाला तेव्हा इथे कुत्रं विचारत नव्हतं. तिकडच्या एकाला इकडचे जेमतेम चार मिळायचे. उगाच वाद नको, म्हणून पुलाच्या तोंडाशी पैसे बदलायची जी खिडकी आहे, तिच्यावर एक तारखेला सकाळी लागेल तो भाव धरायचा, हेही त्यानेच ठरवलं.

सात वर्षं बायकोने स्वयंपाक केला. मग इकडचा पैसा घसरायला लागला. चाराचे सहा झाले, सहाचे नऊ, नऊचे अकरा. का घसरतोय हे गिऱ्हाइकं खुर्चीत बसून रोज समजावून सांगत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असे. न्हाव्याला एवढंच कळलं की बायकोचा पगार बसल्या जागी फुगतोय आणि आपण कांदा चिरतोय. त्याचे दात त्याच्याच घशात गेले होते. पण गडी शब्दाला पक्का. करपलेलं, कच्चं, खारट असं सगळं करत तो शिकला, आणि बारा वर्षांत त्याचा हात असा बसला की बायको कामावर नेताना डबा मुद्दाम जास्त भरायची.

यंदा लेकीला सतरा पूर्ण झाली. तिला पलीकडे जाऊन बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकायचं होतं. तीन वर्षं, तिथेच राहून. अर्ज आला. त्यावर पालकाची सही हवी होती, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत.

"जाऊ दे की तिला," बायको म्हणाली.

"एकुलती एक पोर, आणि तिकडे ग्रीस पुसत बसणार?"

खरं तर ग्रीसचं त्याला काही नव्हतं. पोर घरात नसली की आपलं कसं व्हायचं, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

नेमका त्याच महिन्यात भाव उलटा फिरला. पलीकडच्या बँका अडचणीत आल्या, अकराचे साडेदहा झाले, मग दहा. न्हावी रोज दुकान उघडण्याआधी खिडकीपर्यंत चक्कर मारू लागला. पण इकडचा पैसा वधारला तशी पलीकडून स्वस्तात केस कापायला येणारी गिऱ्हाइकं आटली. म्हणून मग त्याने सुट्टीच्या दिवशीही दुकान उघडं ठेवलं. कशासाठी, ते बायकोला कळत होतं.

एक तारखेला खिडकीवर नऊ लागले. बायकोचे सोळाशे, म्हणजे इकडचे चौदा हजार चारशे. त्याचे चौदा हजार चारशे साठ. साठ म्हणजे एका दाढीचे पैसे.

"या महिन्यात शब्द माझा," संध्याकाळी तो म्हणाला. "ती जाणार नाही."

लेक उठली आणि आतल्या खोलीचं दार लावून बसली. बायको "बरं" म्हणाली, अर्ज घडी करून कपाटात ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. दहा तास इस्त्री करून आलेली बाई.

न्हावी ऐटीत बसला खरा, पण त्याला बसवेना. आत एकामागून एक डबे उघडले जात होते.

"अहो, मीठ कुठे ठेवता?"

"खालच्या फळीवर बघ."

"आणि हळद?"

तो उठून दारात जाऊन उभा राहिला. बायकोचे पाय सुजले होते. बारा वर्षं शेवटचा शब्द हिचा होता. दुकानाला नव्या खुर्च्या घेतल्या तेव्हा, त्याच्या धाकट्या भावाला मदत केली तेव्हा. गेल्या महिन्यात अर्ज आला तेव्हाही. त्याच दिवशी सही करून ती मोकळी झाली असती, कोण अडवणार होतं? पण याही वेळी ती त्याच्या होकारासाठी थांबली होती.

"इतकी वर्षं शब्द तुझा होता," तो म्हणाला. "कधी वापरला का नाहीस?"

"वापरला की! माझ्याकडे आला त्याच महिन्यात वापरला." तिने कांद्यावरची नजर काढली नाही. "म्हटलं, या घरात काही ठरवायचं तर आधी एकमेकांना विचारायचं. तुम्हाला वाटलं, मी घाबरते."

न्हाव्याला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. बारा वर्षांनी शब्द हातात आला, आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर पोरीचं तोंड बंद केलं. त्याला लाज वाटली.

त्याने कपाटातून अर्ज काढला आणि आतल्या दारावर थाप मारली.

"ए, बाहेर ये. तुला काय शिकायचंय ते मी नीट विचारलंच नाही. सांग बघू, पहिल्यापासून."

पोर आधी घुटमळली. मग बोलायला लागली, आणि भाजी गार झाली तरी थांबेना. पंप, झडपा, तेलाचा दाब. न्हाव्याला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पण बोलताना तिचे हात हवेत नट-बोल्ट आवळत होते, आणि ही आता जाणार, हे मात्र त्याला पक्कं कळलं.

त्याने सही केली आणि मगच विचारलं, "सुट्टीला घरी येशील ना गं?"