भेगेपुढचं कपाट

मित्रांनो, मी लोखंडाचं एक जुनं कपाट आहे. मंडईमागच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. दीनानाथ मास्तरांच्या लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी मला दिलं आणि कर्वेनगरच्या बैठ्या घरात मी तीस वर्षं त्यांचं किडूकमिडूक सांभाळलं. दर लक्ष्मीपूजनाला मास्तरांच्या पत्नी विजयमालाबाई माझ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढायच्या. काय मान होता म्हणून सांगू!

मग आतल्या खोलीच्या भिंतीला भेग पडली. इंजिनिअर म्हणाले, ही भिंत कधीही कोसळेल, पाडून नवी बांधा. मास्तरांनी घरच विकायला काढलं. मला सरकवून भेगेपुढे उभं केलं. घेणाऱ्यांना सांगायला हवं, असं बाई म्हणाल्या. कोणी विचारलं तर सांगू, म्हणाले मास्तर.

घेणारे होते गेनबा आणि त्यांची बायको तुळजाबाई, गावची जमीन विकून शहरात आलेली साधी माणसं. खरेदीखतात ओळ होती, घर निर्वेध आणि निजोखमी आहे. वकिलांनी मास्तरांना बजावलं, जो दोष घेणाऱ्याला सहज दिसत नाही, तो कायद्यानं विकणाऱ्यानं सांगायचा असतो. मास्तरांनी मान डोलावली आणि सही ठोकली. वर मोठ्या मनानं मला तिथंच ठेवून गेले. लक्ष्मीचं कपाट आहे, जागचं हलवू नका, एवढं मात्र आवर्जून सांगितलं. शिकलेला माणूस हो!

तुळजाबाईंनी तो शब्द पाळला. रंगारी आला, तरी मला हलवू दिलं नाही. माझ्यामागची भिंत सोडून सगळ्या खोलीला रंग लागला. मी आतल्या आत तळमळत होतो, पण लोखंडाला कुठली वाचा?

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात, भर दुपारी, तुळजाबाई माझ्यापुढे गहू निवडत बसल्या होत्या. भिंत पडली आणि तिच्या धक्क्यानं मी त्यांच्या अंगावर पडलो. मित्रांनो, त्यांचा जीव माझ्याखाली गेला. मला माझी किळस येते.

दहाव्याला मास्तर आले. म्हणाले, "गेनबा, तुम्ही विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

गेनबा म्हणाले, "मास्तर, काय इचारायचं, ते तुमास्नीच ठावं व्हतं."

आता मी येरवड्याला भंगारात पडलो आहे. माझी कीव करू नका. मोठे झालात आणि कधी घर विकलंत, तर आधी घेणाऱ्याला भेग दाखवा, मग सही करा. तो विचारील म्हणून थांबू नका. त्या भिंतीजवळ त्याच्या घरचं माणूस बसणार असतं.