साबणातली किल्ली

किल्लीचे वडील कुलपं उघडायचे आणि किल्ल्या घासून द्यायचे, म्हणून पोरीचं नाव पडलं किल्ली. खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. वडील गेले त्याला आता वर्ष होत आलं होतं. दुकान तेच होतं, फक्त कानशींच्या जागी पेन ड्राइव्ह आले. किल्ली बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायची, लोकांचे विसरलेले पासवर्ड काढून द्यायची. किल्ल्या घासायचं यंत्र कोपऱ्यात तसंच होतं आणि त्यावर आत्या बसायची. आत्याचा हात यंत्रावर चालायचा आणि तोंड साऱ्या जगावर.

वडिलांचा एक नियम होता. साबणाच्या वडीत उमटवलेला किल्लीचा ठसा घेऊन कोणी आलं, की ते सरळ हात जोडायचे. "किल्ली हरवली म्हणणाऱ्याला मी घरी जाऊन कुलूप उघडून देईन," ते म्हणायचे, "पण साबण आणणाऱ्याच्या हातात किल्ली होती आणि ती त्याला गुपचूप जागेवर परत ठेवावी लागली. म्हणजे घर त्याचं नाही."

किल्लीने तोच नियम आपल्या धंद्याला लावला होता. खरेदीची पावती दाखवा, नाहीतर मालकाला सोबत आणा. यावरून भांडणं झाली, गिऱ्हाइकं तुटली, पण ती हटली नाही. त्या दुपारी मात्र तिने नियम सोडला, आणि सोडला तो एका रुमालापायी.

आलेला गृहस्थ साठीच्या पुढचा होता. त्याने टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप हळूच काउंटरवर ठेवला, समोरच्या बाकावर बसला, रुमालाची पट्टी केली आणि ती कॉलरच्या आत मानेभोवती सरकवली. वडील अगदी अश्शीच सरकवायचे.

"मुलीचा आहे," तो म्हणाला. "वारली. दोन वर्षं झाली. पासवर्ड कोणालाच माहीत नाही."

"पावती असेल ना, काका?"

"तिचे कागद तीच ठेवायची, बाळ. आत फोटो असतील. एखादा आवाजही असेल. तिच्या आईला आता तिचा आवाज आठवेनासा झालाय."

आता यावर पावती मागायला काळीज दगडाचं हवं. किल्लीच्या फोनमध्ये वडिलांचा आवाज होता. 'येताना दोन बल्ब घेऊन ये', एवढाच. तो ती रोज ऐकायची. तिने टॉवेल सोडला.

"पावती?" कोपऱ्यातून आत्या म्हणाली.

"असू दे गं."

"तुझ्या बापाने असं कधी..."

"आत्या, असू दे म्हटलं ना!"

मशीनवर एकच खातं होतं आणि तेच ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे घरचा कर्ताही तोच आणि राखणदारही तोच. गोल चौकटीत मुलीचा फोटो होता. आखूड केस, हनुवटी वर, नजर थेट बघणाऱ्यावर. किल्लीने सवयीने काहीतरी चुकीचं टाइप केलं, कारण चुकलं की आठवण म्हणून मालकाने लिहून ठेवलेली खूण दिसते. खूण दिसली.

'तुम्हाला येणार नाही, बाबा.'

किल्लीने मान वर केली. गृहस्थ काउंटरवरून वाकून वाचत होता.

"चेष्टेखोर होती," तो म्हणाला आणि हसला.

मग तिने पेन ड्राइव्ह लावला. पासवर्ड ओळखत बसायची गरज नसते. तो पुसूनच टाकता येतो. कुलपाला हात न लावता दाराच्या बिजागऱ्या काढण्यातला प्रकार. मुलीने सगळी डिस्क कुलूपबंद केली असती तर किल्लीचे हात टेकले असते, पण तेवढं तिने केलं नव्हतं. बिचारीला वाटलं असणार, पासवर्ड आहे म्हणजे झालं. बहुतेकांना तसंच वाटतं.

मशीन उघडलं. नेटला जोडताच ब्राउझरने जुनी पानं आपणहून मांडली आणि त्यात मुलीची मेलपेटी होती. न वाचलेले मेल नऊ. किल्ली फोटोंचा फोल्डर शोधून परत आली, तर सात.

आपलंच चुकलं असेल, असं म्हणून ती बघत राहिली. ठळक अक्षरांतली एक ओळ तिच्या डोळ्यांदेखत बारीक झाली. सहा. माउसला कोणाचा हात नव्हता. मग आणखी एक. मेलेली मुलगी शांतपणे आपले मेल वाचत होती.

क्षणभर किल्लीला खरंच वाटलं, गेलेली माणसं अशी कुठेतरी बसून आपलं राहिलेलं वाचत असतील, आपले वडीलसुद्धा. मग डोकं ठिकाणावर आलं. हीच पेटी या घडीला दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर उघडी होती आणि तिथे एक जितंजागतं माणूस बसलं होतं. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला पत्ता नसतो.

इथे पत्ता होता. एक मेल नव्या खोलीच्या मालकाचा, एक कामाच्या पाळ्यांचा. आणि मुलीने कोणालातरी पाठवलेल्या मेलची पहिली ओळ अशी: 'बाबांना पत्ता कळू देऊ नका. मागच्या वेळी माझा हात मोडून थांबले, या वेळी थांबणार नाहीत.'

"उघडलं का, बाळ?" बाकावरून मायेचा आवाज आला. "मेल दिसला तर तसाच उघडा ठेव. तिच्या मैत्रिणींना कळवायचंय."

"होतंय, काका. जुनं मशीन आहे, वेळ घेतंय."

खोटं बोलताना तिचा आवाज पडला आणि आत्याचे कान टवकारले. किल्लीने त्याच पेटीतून त्याच पेटीला मेल लिहिला: 'तुमचा लॅपटॉप माझ्या दुकानात उघडलाय. वडील समोर बसलेत. पासवर्ड आत्ता बदला, सगळ्या मशीनवरून बाहेर पडा.' पाठवला. सगळ्यात वर एक ठळक ओळ येऊन बसली आणि तशीच बसून राहिली. आता नेमकी ती मुलगी पाणी प्यायला उठली असली तर?

गृहस्थ उठला. "बघू तरी."

"काय झालं होतं हो पोरीला?" आत्याने यंत्र बंद करून मधेच विचारलं.

"अं? ताप."

"अगंबाई! कसला ताप?"

"ताप म्हणजे... साधाच."

"साध्या तापाने माणूस जातं? दवाखाना कुठला होता? नाही, मी का विचारते, तर आमच्या जावेला सुद्धा..."

आत्याला जाऊच नव्हती. पण तिने त्या जावेला तापात घातलं, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांशी भांडायला लावलं. गृहस्थ अर्धं ऐकत, अर्धं पुढे सरकत काउंटरला वळसा घालू लागला. किल्ली त्या ओळीकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, वाच गं बाई, वाच.

ओळ बारीक झाली.

पुढे काहीच घडेना. गृहस्थाच्या रुमालाचा ओलसर वास तिच्या खांद्याशी आला. त्याने हात लांबवून स्क्रीन आपल्याकडे वळवला, आणि त्याच वेळी पेटी मिटली. कोऱ्या पानावर दोन ओळी उरल्या. त्याने त्या ओठ हलवत, एकेक शब्द धरून वाचल्या: 'या खात्याचा पासवर्ड एक मिनिटापूर्वी बदलण्यात आला आहे. पुन्हा साइन इन करा.'

त्याने मानेचा रुमाल ओढून काढला. चेहऱ्यावरचा बाप कुठल्या कुठे गेला.

"तिला कोणी सांगितलं?"

वडील साबणवाल्यांपुढे असेच एकटे उभे राहिले असतील, हे किल्लीला आज पहिल्यांदा कळत होतं.

"कोणाला, काका?" ती म्हणाली. "तुमची मुलगी तर वारलीय ना?"

त्याने आत्याकडे बघितलं. आत्या पक्कड हातात घेऊन उभी होती. त्याने लॅपटॉप मिटला, टॉवेलात नीट गुंडाळला, बाळाला घ्यावं तसा कडेवर घेतला आणि निघून गेला. किल्ली लॅपटॉप ओढून घ्यायला पुढे झाली, पण तिचा हात त्याच्यापर्यंत पोचला नाही.

"मेल तर बंद झाला ना?" आत्याने विचारलं.

"तो झाला. बाकीचं मशीन मी उघडून दिलंय."

जुनंच काहीबाही असेल आत, दोन वर्षांपूर्वीचं, असं ती उरलेला दिवस स्वतःला समजावत राहिली. पण घर सोडून कोणाकडे जायचं ते मुलीने याच मशीनवर बसून ठरवलं असणार आणि त्याच्या खुणा आत असणार, हेही तिला कळत होतं. काउंटरवर तो रुमाल राहिला होता. आत्याने तो पकडीने उचलून कचऱ्यात टाकला.

त्या दिवशी किल्लीने वडिलांचा आवाज ऐकला नाही. फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.