मॅडमचं काम तपासायचं कोणी?

चारुशीला मॅडम म्हणजे खडूस बाई, असं त्यांच्याकडे काम पाठवायला लागल्यावर अपेक्षाने पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं. तिला तरी काय दोष द्यायचा? पाठवलेलं काम सारखं तोंडावर परत यायला लागलं की कोणाचंही डोकं फिरतं.

काम होतं ‘ऐकवा’चं. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनवरचा मराठी मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर. ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कोणीही त्यात सुधारणा करून पाठवावी, तीही फुकट. पण पाठवली म्हणजे लागली, असं नाही. दुसऱ्या कोणीतरी ती तपासून मर्ज करायची, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळायची, मगच ती लोकांच्या फोनमध्ये पोचणार. स्वतःचं काम स्वतः मर्ज करायचं नाही, हा एकच नियम तिथे कडक. मर्ज करायचा हक्क दोघांकडे होता: बँकेत अधिकारी असलेल्या चारुशीला मॅडम आणि सुमंत. या सुमंतच्याच मनीषनगरच्या फ्लॅटवर महिन्यातून एका रविवारी सगळे जमत.

अपेक्षाला तो हक्क हवा होता. मौद्याजवळच्या खेड्यातली ही शेतकऱ्याची पोरगी शहराच्या टोकाला वाडी भागात खोली घेऊन राहायची, एका कंपनीत कोड लिहायची आणि सुट्टीचा दिवस ‘ऐकवा’ला द्यायची. आता हक्क कशाला हवा, तर या गटात आलेल्या मुलींचं काय होतं ते तिने पाहिलं होतं. मदतीची पानं लिही, पोस्टर कर, कार्यक्रमात माइक घेऊन उभी राहा. तुम्हा मुलींना ते छान जमतं ना! त्यांच्यातली रितिका किती चांगला कोड लिहायची, पण सूत्रसंचालन करून करून कंटाळली आणि गेली. काय आत घ्यायचं नि काय नाही, हे ठरवणाऱ्यांत आपण असलं पाहिजे, असं अपेक्षाच्या मनाने घेतलं होतं.

सुमंत भारी गोड माणूस. अपेक्षाने काही पाठवलं की चहा निवायच्या आत मर्ज, वर ‘मस्त!’ आणि फुलाचं एक चित्र. गटातल्याच अंकितचं काम आलं की हाच सुमंत ओळ न् ओळ खोदून बघायचा, वाद घालायचा. अपेक्षाला वाटायचं, आपलं कामच तसं पक्कं असतं. हवेत होती बिचारी.

तिला जमिनीवर आणलं भैय्याजींनी. भैय्याजी हार्मोनियम शिकवायचे. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं आणि ‘ऐकवा’तली प्रत्येक नवी गोष्ट सगळ्यांत आधी त्यांच्याच फोनवर यायची.

“पोरी, तुह्या त्या मेसेज आपोआप वाचायच्या करामतीनं बसमंदी माही फजिती झाली ना वं,” ते हसत म्हणाले. “बँकेचा ओटीपी आला अन् फोन बोंबलून राहिला. अख्ख्या बसनं ऐकला. सुमंतनं दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून देल्लं म्हणा.”

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने तडक सुमंतला गाठलं. “दादा, मले सांगतलं काहून नाही?”

“अगं, तुला वाईट वाटलं असतं. इतकं मनापासून करतेस, उगाच चुका कशाला काढायच्या?”

“अंकितले वाईट नाही वाटत का?”

सुमंत नुसता हसला. त्या हसण्याने अपेक्षाला जे कळायचं ते कळलं. आपलं काम तो वाचतच नव्हता. लहान पोराच्या चित्राला वा वा म्हणावं, तसं चाललं होतं सगळं.

त्या दिवसापासून ती मुद्दाम मॅडमकडे काम पाठवायला लागली. आणि मॅडम? फूल नाही, मस्त नाही. ‘फोन खिशात असेल तर काय होईल? वापरणाऱ्याला पडदा दिसत नाही, हे विसरलीस. परत.’ चार दिवस राबून सुधारावं तर पुन्हा परत. एकदा तर अपेक्षा चिडून रडली. अंकित म्हणाला, “दोन बायका एका कामात आल्या म्हणजे असंच होते.” त्यावर तिने त्याच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. पण हळूहळू तिचा हात सुधारला आणि डोळे उघडले. कोणी आपलं इतकं बारकाईने वाचतंय, म्हणजे आपल्याला मानतंय. या बाईचे आपल्यावर केवढे उपकार आहेत, असं तिला मनापासून वाटायला लागलं, फक्त तोंडाने सांगायची हिंमत होत नव्हती.

मग तो रविवार आला. सुमंतने खुशीत जाहीर केलं, “पुढच्या महिन्यात ओपन सोर्सवाल्यांची परिषद आहे. अपेक्षाला मर्जचा हक्क देऊन टाकू. मंचावर एखादी मुलगी असली की बरं दिसतं.”

“या कारणासाठी असेल तर माझा नकार आहे,” मॅडम म्हणाल्या.

अपेक्षाचा चेहरा पडला. एवढी खटपट केली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. पण मॅडमनी आपला लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

“हे माझं काम. सुमंत आज मर्ज करणारच आहे. त्याच्याआधी तू तपास. इथेच. मग ठरवू.”

वाचन चालू असताना फोन आला, तर बोलणं झाल्यावर तिथूनच पुढे वाचायचं, असं ते काम होतं. कोड बाकी देखणा होता. अपेक्षाने दोनदा वाचला, मग तो शेजारी बसलेल्या भैय्याजींच्या फोनवर चढवला. एक बातमी वाचायला लावली आणि अंकितला म्हणाली, “भैय्याजीले फोन लाव. अन् भैय्याजी, तुम्ही उचलू नका.”

रिंग वाजली आणि थांबली. पुढे काहीच नाही. भैय्याजी कान देऊन बसले. “काय झालं गा अंकित? बंद पडला का फोन?”

सुमंत अपेक्षाच्या कानाशी लागला. “नंतर त्यांना एकट्यांना सांग. मॅडमचं काम आहे.”

आता बोलले तर हक्क तर गेलाच, मॅडमही गेल्या. पण भैय्याजी अजून मुका फोन कानाला धरून बसले होते.

“मॅडम, मिस्ड कॉल आला की वाचन कायमचं बंद पडते,” ती म्हणाली. “परत पाठवून राहिली मी.”

“मॅडम तर सगळ्याइचे फोन पहिल्या रिंगलेच उचलते,” अंकित म्हणाला. “त्याइले मिस्ड कॉल कसा काय आठवन?”

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला.

“सुमंत, तू माझं काम शेवटचं कधी वाचलंस?”

“मॅडम, तुमचं काय वाचायचं...” सुमंत अडखळला. “तुम्ही मोठ्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“इथे पहिल्यापासून आहे मी,” मॅडम म्हणाल्या. “माझं एकही काम कधी परत आलं नाही. आधी वाटायचं, मीच हुशार. मग लक्षात आलं, कोणी वाचतच नाही. आज वाचलं वं कोणीतरी. दे तिला हक्क, सुमंत. मंचासाठी नाही. माझं काम तपासायला मला माणूस हवंय.”

सुमंतने मान खाली घालून तिथल्या तिथे मर्ज करणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव चढवलं.

अपेक्षाचे डोळे भरून आले. “मॅडम, तुम्ही माह्यं काम परत पाठवलं नसतं ना, तर मीही रितिकासारखी गेली असती.”

मॅडमनी लॅपटॉप पुन्हा आपल्याकडे ओढला आणि बिघडलेली ओळ शोधायला लागल्या.

“मी तर आज या गटाचा निरोप घ्यायलाच आले होते,” त्या म्हणाल्या. “बस इथे. चुकलं की सांग.”