मागणं

सियालेने दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला आणि ती पुन्हा व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेली. आत तिचा थोरला भाऊ फोलाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. भाऊ निजलेल्या खोलीत टोंगाची बहीण पाऊल टाकत नाही; ऑकलंडच्या दवाखान्यातही नाही.

फोलाऊची बायको लोसा बाहेर आली.

"वन्सं, ते नाहीच म्हणतात."

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. पोटात गेलेलं अन्न पचलं की त्याचा रस आधी यकृतात येतो. तिथे विष निवडलं जातं, साखर साठते, जखमेचं रक्त थांबवणारी द्रव्यं तयार होतात. फोलाऊचं यकृत आता यातलं जवळजवळ काहीच करत नव्हतं. पोट पाण्याने फुगलं होतं, बोलता बोलता तो आजचा वार विसरत होता. काविळीचा विषाणू त्याला जन्मताना आईकडून मिळाला होता आणि त्या बिचारीला ते कधी कळलंच नाही. सियाले उशिरा झाली. तोवर बेटावर लस पोचली होती. ती निरोगी राहिली. तिच्या यकृताचा मोठा तुकडा काढला तरी ते पुन्हा भरून येईल, त्याच्या पोटातही वाढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मात्र संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

"इतकी वर्षं आतून सडत होतं, पण हूं नाही की चूं नाही," लोसा म्हणाली. "मी डॉक्टरांना म्हटलं, जसा नवरा, तसंच त्याचं यकृत."

तिला हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

फोलाऊचं म्हणणं एवढंच होतं: जिच्या चटईवर मी कधी बसलो नाही, तिच्या अंगाचा तुकडा घेऊ कसा? बहिणीचा मान मोठा. तिला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं.

सियाले खुर्चीवर बसली, लगेच उठली. टोंगातल्या वावाऊ बेटावरच्या घरी तो तिला पाठुंगळी घेऊन किनाऱ्याने फिरायचा. ती नीट चालायला लागली आणि एके दिवशी त्याने आपली चटई गुंडाळली, मुलांच्या वेगळ्या झोपडीत निजायला गेला. ती हाका मारत राहिली. पुढे डुकराच्या मांसाचा सर्वांत चांगला वाटा आधी तिच्याकडे यायचा, पण नेहमी दुसऱ्याच्या हातून.

खिडकीबाहेरचं ऊन उतरू लागलं. सियालेने मान राखायला कमरेभोवती गुंडाळलेली विणलेली चटई सारखी केली आणि दार ढकललं. लोसाने मान खाली घातली.

"दादा, मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

फोलाऊची पाठ ताठ झाली. बहिणीने तोंडाने मागितलेलं भाऊ नाकारत नाही. होडी मागो, नाही तर राहतं घर.

"आज मागते. माझं थोडंसं तुझ्याकडे ठेवायचंय. जागा दे."

तो पोट सावरत या कुशीवर वळला. पाय खाली सोडले, पलंगाची कड धरली आणि हळूहळू जमिनीवर उतरला. मांडी घालून, मान झुकवून, तो बहिणीच्या पायांपाशी बसला.

नर्स धावत आली, याला उठू कुणी दिलं म्हणून रागावली. लोसाने तिचा हात धरला.

"थांबा जरा. हो म्हणतायत ते."