पत्र्यावरची पन्नी

नवीन वस्तूवरची प्लास्टिकची पन्नी मी काढत नाही. मनीषनगरातल्या आमच्या घरातला फ्रिज सहा वर्षांचा झाला, तरी त्याच्या दारावरची पन्नी शाबूत आहे, फक्त कोपऱ्यात जरा काळी पडली आहे. टीव्हीचा रिमोट पन्नीत, मिक्सरची बटणं पन्नीखाली. सून हसते. हसू दे. हौसेने आणलेली वस्तू पहिल्याच दिवशी उघडी टाकायला माझं मन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या रविवारी जे झालं त्यात दुसऱ्या कोणाचाही दोष नव्हता.

घरगाडीचं खूळ आमच्या ह्यांचं. बाबाराव वीज खात्यातून निवृत्त झाले, दोन महिने घरी बसून माझ्या फोडणीत चुका काढल्या आणि तिसऱ्या महिन्यात एक जुनी मिनीबस दारात आणून उभी केली. विश्वनाथच्या गॅरेजात तिच्या सीटा निघाल्या, आत पलंग बसला, ओटा बसला, छतावर नवा पांढरा पत्रा चढला. राहिली फक्त वीज. आमच्या गच्चीवरच्या सोलरचं एक पॅनेल शेजाऱ्यांच्या टाकीच्या सावलीत येत होतं म्हणून काढून ठेवलेलं होतं. दाराएवढं मोठं, वजन अठ्ठावीस किलो. ह्यांना तेच गाडीवर हवं होतं.

"हे घराचं आहे भाऊ, गाडीचं नाही," विश्वनाथ म्हणाला. "चढवाचंच असन तर आरपार बोल्ट मारा लागते."

"नव्या छपराले भोक पाडू? पावसात पाणी माह्या डोक्यावर गळन, तुह्या नाही," हे म्हणाले.

शेवटी बसच्या काचा ज्या काळ्या गोंदाने बसवतात, तो आणायचं ठरलं. पत्र्यावर सहा लोखंडी पाय चिकटवायचे आणि त्या पायांवर पॅनेल कसायचं. पत्रा तेवढा चकाचक पुसून ठेवा, असं विश्वनाथने दोनदा बजावलं, आणि पुसण्याचं काम असल्यामुळे ते अर्थातच माझ्याकडे आलं. मी शिडीवर चढले, स्पिरिटचा बोळा घेतला आणि तीनदा पुसलं. पत्र्यावर पारदर्शक पन्नी होती. मला ती दिसत होती. एका कडेला तिचं टोक सुटलंही होतं. मी ते अंगठ्याने दाबून परत बसवलं आणि खाली उतरले.

"छत साफ केलं ना नीट?" ह्यांनी विचारलं.

"आरशासारखं," मी म्हणाले.

ह्यांना चष्म्यातूनही पन्नी दिसली नाही. सहा पाय तिच्यावरच चिकटले. गोंद तीन दिवस वाळू दिला, मग ह्यांनी आणि विश्वनाथने दोन बाजूंनी धरून पॅनेल ओढून पाहिलं. गाडी हलली, पॅनेल जागचं हललं नाही. आम्ही पेढे वाटले.

मार्चच्या एका रविवारी आम्ही पहिल्या सफरीला निघालो. फार लांब नाही, मौद्याला माझ्या बहिणीकडे. हे गाडी चालवत होते, मी आत पलंगावर बसले होते. आमचा मुलगा पियूष मोटरसायकलवरून मागे येत होता, कारण त्याला संध्याकाळी परत यायचं होतं. त्याच्या मागे त्याची सात वर्षांची लेक खुशी. दोघांची हेल्मेटं आदल्याच दिवशी आणलेली, कोरी करकरीत.

भंडारा रोडला लागेपर्यंत अकरा वाजले होते आणि ऊन चांगलंच चढलं होतं. छतावर फडफड ऐकू यायला लागली. दोरी सुटली असेल म्हणून मी खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. छताच्या कडेला हातभर पन्नी वाऱ्यात फडफडत होती.

गोंद पत्र्याला लागलेलाच नव्हता, पन्नीला लागला होता, आणि पन्नी उन्हाने सुटत चालली होती. पॅनेल सुटलं की ते पुढे जाणार नव्हतं. ते मागे जाणार होतं, आणि मागे पियूष आणि खुशी होते.

खरं तर त्याच क्षणी मी ओरडायला हवं होतं. पण ओरडायचं म्हणजे कबूल करायचं, आणि मला, साठीच्या बाईला, नवऱ्यासमोर लाज वाटली. त्या लाजेत अर्धं मिनिट गेलं. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मी मागच्या काचेकडे धावले. मोटरसायकल पंधरा-वीस हातांवर होती. मी दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं करून दाखवलं, मागे जा, मागे जा. खुशीने बापाच्या पाठीआडून डोकं काढलं आणि हात हलवून मला टाटा केला. मी आणखी जोरात हात केले. पियूषने मान पुढे काढली, जरासं पाहिलं आणि गाडी आणखी जवळ आणली.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्याचा फोन खिशात, कान हेल्मेटात.

तेवढ्यात डोक्यावर धाडकन आवाज झाला. एक पाय सुटला होता.

"अहो!" मी किंचाळले. "सोलरची प्लेट उडून राहिली! पत्र्याची पन्नी मी काढलीच नव्हती! गोंद पन्नीवर लागला!"

आरशात ह्यांचा चेहरा पांढराफटक दिसला. "ब्रेक मारू?"

"नका मारू! पियूष मांगं चिकटून आहे!"

ह्यांनी फक्त पायाखालचं ॲक्सिलरेटर सोडलं. गाडीचा वेग उतरू लागला तशी मोटरसायकल अजूनच जवळ आली. समोर उड्डाणपूल होता आणि आम्ही त्यावर चढत होतो. वर वारा मोकळा. पुन्हा धाडकन झालं, आणि मग पॅनेलची पुढची कड पत्र्यावर आपटायला लागली. प्रत्येक आवाजाला मला खुशीचं गुलाबी हेल्मेट दिसत होतं. देवाचं नावसुद्धा तोंडात येईना.

माझ्या हातवाऱ्यांनी तो मागे जात नव्हता. मागे जात नाही तर पुढे तरी यायला हवा होता, गाडीच्या बाजूला. मी ओट्यावरचा हाताला लागला तो स्टीलचा डबा उचलला, काचेसमोर धरून दोनदा हलवला आणि उजवीकडच्या खिडकीशी गेले. डबा धरलेला हात बाहेर काढला. पियूष पाच वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या हातात खाऊचा डबा पाहून तो कधी थांबून राहिलेला नाही.

मी मोजत नव्हते, पण तो वेळ फार लांब वाटला. मग मोटरसायकलचा आवाज वाढला आणि पियूषचं हेल्मेट माझ्या खिडकीखाली आलं. खुशी माझ्याकडे पाहून हसत होती. तिने डब्यासाठी हात वर केला.

छतावर कापड फाटल्यासारखा लांब आवाज झाला. पॅनेल उठलं. त्याची सावली रस्त्यावरून मागे सरकलेली मी पाहिली, आणि मग काच फुटल्याचा आवाज आला. मागे लांबवर एका ट्रकने करकचून ब्रेक मारला आणि हॉर्न दाबून धरला. ज्या जागी ते दोघं मघाशी होते, तिथे पुलावर काचेचा चुरा पसरला होता.

पूल उतरून ह्यांनी गाडी कडेला घेतली, मागोमाग पियूषही थांबला. हे खाली उतरले आणि तिथेच मातीत बसले.

मी उतरताच खुशीने माझ्या हातातला डबा घेऊन उघडला. "आजी, यात तर कच्ची डाळ आहे!"

मी तिला उचलून घेतलं. इतकं घट्ट की ती ओरडली. मग पियूषवर धावून गेले.

"आंधळा आहे का गा? इतके हात करून राहिली होती मी! मांगं जा म्हटलं तर जवळ काहून आला?"

"आई, मले काई दिसूनच नाही राहिलं होतं. उन्हात नुसतं पांढरं दिसे. तू काय म्हणून राहिली पाहाले जवळ आलो," पियूष म्हणाला. तोही घाबरलेला होता, मागे पुलाकडे पाहत होता. "मग डबा चमकला. म्हटलं, खायाले बोलावून राहिली."

"एवढ्या जवळून दिसलं नाही?"

त्याने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. पुढच्या काचेवर दुकानातली पन्नी तशीच होती. सुरकुतलेली, धुळीने माखलेली, उन्हात दुधासारखी पांढरी.

"काहून नाही काढली गा?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"नवीन आहे ना, आई," तो म्हणाला.

मी रस्त्याच्या कडेला बसले, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि नखाने पन्नीची कड शोधायला लागले. कड काही केल्या नखात येईना.